तासाला वीसच निमंत्रणं

कारभारीण गेली त्याला वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला सगळ्यांनी यावं, आणि दौंडच्या मेहुण्यानं तर यावंच, एवढं मला वाटत होतं. हा तिचा पाठचा भाऊ, रेल्वेतून रिटायर झालेला आणि मानपानाला भलता कडक. मागं एका लग्नाचा निरोप त्याला भावकीच्या नंतर गेला, तर पठ्ठ्यानं दोन दिवाळ्या आमचा उंबरा चढला नाही.

व्हॉट्सॲपवरचं निमंत्रण आमच्याकडं कोणी धरत नाही. ढकललंय म्हणतात. म्हणून प्रत्येकाला नावानं ईमेल करायचं ठरवलं. मी चौथी शिकलेला, पण शिरूरकडच्या आमच्या फूलवाल्या शेतकऱ्यांच्या कंपनीनं प्रत्येक सभासदाला ईमेल काढून दिलाय. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं माझी सूनच बघते. तिनं मजकूर लिहिला, पत्ते भरले आणि शेवंतीचं वजन करायला गेली. बटण मी दाबलं. थोडे मेल गेले, बाकीचे अडकले. त्यात मेहुण्याचाही.

"अगं, हे मढं बंद पडलं!"

"बंद न्हाई पडलं, आबा. एका माणसाचे तासाला वीसच जातात. बाकीचे रांगेत हायेत, जातील हळूहळू."

"कुणी ठरवलं हे?"

"मीच."

झालं होतं असं, की मागं एका सभासदाचा पासवर्ड कुणीतरी चोरला आणि त्याच्या नावानं दुनियेला भंकस मेल पाठवले. तेव्हापासून आमच्या कंपनीचा मेल आला की पुण्याच्या व्यापाऱ्यांकडं तो आपोआप कचऱ्यात जायला लागला. भाव कळवलेला कुणाला दिसेना, शेवंती क्रेटमध्येच काळी पडली. मग सुनेनं सर्व्हरवर प्रत्येकाला मर्यादा घातली.

"माझ्यापुरती उठव. सासरा हाय मी तुझा."

"सासरे घरी. इथं सभासद."

कारभारीण असती तर सुनेचीच बाजू घेऊन हसली असती.

मेहुण्याला फोन करावा, तर भावकीला मेल आणि मला नुसता फोन, म्हणून तो फुगणार. बसलो वाट बघत. तेवढ्यात मेल मिळालेल्यांचे फोन सुरू झाले. केंदूरची एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या बायकोनं आमच्या म्हाताऱ्याला भर पंगतीत इचारलं हुतं, भात चिवडायला कोंबडी हाय का तुमी?" मला हे ठाऊकच नव्हतं. लय हसलो, मग डोळे पुसले. सगळे मेल एकदम गेले असते तर एवढं निवांत कोण बोललं असतं?

दिवस कलल्यावर मेहुण्याचा मेल एकदाचा गेला आणि लगेच त्याचा फोन आला. "दाजी, सकाळीच केंदूरहून कळलं मला. गाव सांगून झालं, आता मेहुणा आठवला व्हय?"

मी सुनेचं नाव सांगून मोकळा झालो. मर्यादा, रांग, सगळं सांगितलं. तो एकदम हसत सुटला.

"म्हंजी मला टेसनाभायेर आउटर सिग्नलला उभा केलता! आवो, पुढची गाडी सरकल्याबिगर मागची सोडायची न्हाई, हेच केलं मी जल्मभर दौंडच्या केबिनीत. सूनबाईला सांगा, बराबर हाय तिचं."

"मग येतोस न्हवं?"

"आदल्या दिशीच येतो. पण पंगतीत पयलं पान माझं."

"पयलं पान तिचं. दुसरं तुझं."



"दुसरं चालंल," तो म्हणाला. "ताईच्या मागंच बसत आलोय ल्हानपणापासनं."