नणंदेचा हवापालट

पन्नास-साठच्या दशकात आमच्या सासरच्या मंडळींना बंगळूर म्हणजे एक भलंमोठं आरोग्यधाम वाटायचं. कुणाला खोकला झाला की हवापालटाला आमच्याकडे रवानगी. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घर राजाजीनगरात, आणि दोन गल्ल्या सोडून लोखंड ओतायचा कारखाना. त्याचं धुराडं आमच्या खिडकीतून बुडापासून टोकापर्यंत दिसे. शहरात चांगली हवा असेलही, पण ती पलीकडे साहेबलोकांच्या बंगल्यांत.

धाकट्या नणंदेला दमा होता. लग्नाचं वय, आणि दमेकरी मुलगी कोण करून घेणार, म्हणून सासूबाईंनी तिला साताऱ्याहून पाठवलं. यजमानांनी लगेच शिस्त लावली. पहाटे पाचला खिडकी सताड उघडायची आणि बहिणीला समोर बसवून तिच्याकडून दीर्घश्वसन करून घ्यायचं. नेमकी त्याच वेळी तिकडे भट्टी पेटे. वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी, तिच्या रुमालावर काळा कफ, आणि हे विद्वान शेजारी उभे राहून श्वास मोजत. शेजारच्या कन्नड अक्का मला रोज बजावत, "किटकी तेगीबेडी," म्हणजे खिडकी उघडू नका. त्या चौथी शिकलेल्या होत्या.

मी यजमानांना बोलले, तर म्हणाले की धूर निघतोय म्हणजे देश उभा राहतोय. देश उभा राहत होता आणि सख्खी बहीण भिंत धरून खाली बसत होती, तेवढं मात्र इंजिनिअरला दिसत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वतः खोकत खोकत तिला थंडी बाधते असं निदान केलं.

दोन महिन्यांनी ती साताऱ्याला परत गेली आणि पंधरा दिवसांत जिना चढायला लागली. सासूबाईंचं कार्ड आलं, बंगळूरची हवा चांगलीच लागू पडली, दसरा झाला की पुन्हा पाठवते. यजमान ते कार्ड आल्यागेल्याला वाचून दाखवू लागले. माणसाला किती कमी कळू शकतं ते मी तेव्हा पाहिलं.

मग मी स्वतः सासूबाईंना लिहिलं, की इथल्या धुराने मुलगी खंगते, कृपा करून पाठवू नका. सुनेच्या हातच्या पत्राचा सासरी एकच अर्थ निघतो. हिला नणंद घरात नको. सासूबाईंनी तिला दसऱ्याच्या आधीच पाठवलं, वर माझ्यासाठी लाडवांचा डबा दिला.

स्टेशनवर ती ट्रंकेवर बसून होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, मी जड झाले होते तर मला सांगायचं. आईला कशाला लिहिलंत?"

मला लाज वाटली. त्या लाजेची आज मला जितकी किळस येते तितकी यजमानांच्या अडाणीपणाचीही येत नाही. मी वाईट वहिनी नाही हे दाखवायला त्या हिवाळ्यात पहाटे पाचला ती खिडकी मीच उघडू लागले. आणि माझा राग जावा म्हणून तीही न सांगता समोर येऊन बसे.

संक्रांतीच्या आत ती गेली. सासरी अजून हळहळतात, की बिचारीला बंगळूरच्या हवेनेसुद्धा वाचवलं नाही. मी ऐकून घेते.