रेलिक्ट

माझे मिस्टर मालवाहू जहाजावर कूक होते. परदेशातल्या एका बंदरात, सकाळच्या नाश्त्याची तयारी करताना ते हृदयविकाराने गेले. त्यांना पिंपरी पेंढारला आणेपर्यंत अठरा दिवस लागले. तोवर गावाने रडून घेतलं होतं. पेटी आली, भन्तेजी वंदना म्हणू लागले, आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की पेटीचे स्क्रू काढायला पेचकस कोणाकडे असेल.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेले. सातवीला इंग्रजी शिकवते मी. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. मला तसंही काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ घातलं की नाही, हे मला चाखूनही कळायचं नाही.

दीड महिन्याने पत्र आलं, जहाज कंपनीच्या तिकडच्या वकिलाचं. मिस्टरांचं सामान घरी पाठवायला सोबतच्या फॉर्मवर, नोटरीसमोर, माझी संमती हवी होती. पत्रात माझं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'रेलिक्ट ऑफ द डिसीज्ड'. डिसीज्ड म्हणजे मयत, हे मला माहीत होतं. रेलिक्ट हा शब्द मी कधी पाहिला नव्हता. गावातल्या सगळ्यांची इंग्रजी पत्रं मीच वाचून देते.

मोबाईलवर अर्थ शोधला. पहिला अर्थ निघाला तो झाडाझुडपांचा: बाकीची जात नष्ट झाल्यावर कुठेतरी उरलेली वनस्पती. त्याच्याखाली लिहिलं होतं: जुना, औपचारिक शब्द, विधवा.

नवीन शब्द शिकलात की वाक्यात वापरा, असं मी मुलांना रोज सांगते. हाताशी हजेरीचा कोरा कागद होता. त्यावर लिहिलं, 'शी इज रेलिक्ट ऑफ अ कूक.' मग वाचून पाहिलं आणि रेलिक्टच्या आधी 'द' घातला. वाक्य बरोबर झालं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी सासरे ओट्यावर बसले होते. मी त्यांना मामा म्हणते.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"सामान पाठवतायत. माझी सही पाहिजे."

"आन् तुला काय म्हणत्यात त्यात?"

त्यांना कसं कळलं, कोण जाणे. मी पत्राकडे फार वेळ बघत होते बहुतेक.

"उरलेली," मी म्हणाले.

मामा म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर सही कोणी केली असती?"

शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने जुन्नरला गेले. नोटरी वकिलांनी पत्र दोनदा वाचलं. "हा शब्द माझ्यापुढे कधी आला नाही हो बाई," ते म्हणाले. "नात्याच्या रकान्यात आपण विडो लिहू. चालेल ना?"

"वाइफ लिहिते," मी म्हणाले.

त्यांनी हरकत घेतली नाही. मी लिहिलं, सही केली, त्यांनी शिक्का मारला. चालण्यासारखं होतं बहुधा, कारण पुढे कोणी काही विचारलं नाही.

महिन्याभराने खोका आला. दाढीचं सामान, दोन ॲप्रन, चपला, चार शर्ट. खोबरेल तेलाची बाटली वाटेत फुटली होती आणि शर्टांवर तेल पसरलं होतं. मी ते तीनदा धुतले. तीन शर्ट स्वच्छ निघाले, निळ्यावरचा डाग राहिला. धुताना रडू येईल, असं वाटलं होतं. आलं नाही. हात मात्र बराच वेळ पाण्यातच राहिले. शेवटी मामांनी येऊन नळ बंद केला.

निळा शर्ट आता मामा घालतात, कांद्याला पाणी द्यायला जाताना. बाह्या लांब होतात, म्हणून दुमडून घेतात.