आत्याची वही दिल्लीला नेताना

मोताळ्याच्या स्टँडवर मलकापूरची एसटी लागली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पंधरा दिवस मी या दिल्लीवारीची आखणी करत होते. मुक्काम दोनच दिवसांचा. पहिल्या दिवशी तिथलं मोठं संग्रहालय, दुसऱ्या दिवशी लोकगीतांच्या जुन्या वह्या जतन करणारी एक साहित्यसंस्था. एवढ्याशा कामासाठी मी चार कागद दोन्ही बाजूंनी भरले होते. कुठं उतरायचं, काय खायचं नाही, आत्या हरवली तर काय, मी हरवले तर काय! गावच्या वाचनालयात वीस वर्षं पुस्तकं देते-घेते, प्रवासवर्णनांचं अख्खं कपाट वाचून झालंय, पण स्वतः नागपूरच्या पुढं पाऊल टाकलेलं नाही. मी मुळातच भित्री बाई.

शेजारी माझी वत्सलाआत्या, वय चौऱ्याहत्तर. तिच्या मांडीवर निळ्या फडक्यात बांधलेली वही, माझ्या आजोबांची. आजोबा जलसा करायचे (गाण्यांतून समतेच्या चळवळीची गोष्ट गावोगाव सांगायचा कार्यक्रम). लहानपणी आत्या त्यांच्या मागं उभी राहून झील धरायची (पुढच्यानं म्हटलेली ओळ मागून उचलायची). त्या जलशातली आता ती एकटीच उरलीय. आत्या वहीला कुणाला हात लावू देत नसे. मला तिनं फक्त पहिलं पान दाखवलं होतं. त्यावर एक गाणं पूर्ण लिहिलेलं होतं. त्याचा फोटो काढून मी संस्थेला कळवलं होतं की आत्या सांगते तशी वहीत अठ्ठेचाळीस गाणी आहेत, आत्या ती गाईल, तुम्ही रेकॉर्ड करा आणि वही सांभाळा. त्यांनी लगेच बोलावलं.

"काऊन व, तोंड काऊन उतरलं तुह्यं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"मंग डबा उराशी धरून काय बसली? ठेव ना खाली. कोनी नेत नाई तुहा डबा."

मलकापूरहून भुसावळ, भुसावळला गाडी बदलून दिल्ली. दुपारी आत्याचा डोळा लागला आणि वही मांडीवरून घसरली. मी ती उचलली आणि चोरासारखी उघडली. पहिलं पान ओळखीचं. दुसऱ्या पानावर एक ओळ आणि खाली आडवी रेघ. तिसऱ्यावर एक ओळ, रेघ. मी भराभरा पानं उलटली. शेवटपर्यंत तेच. आता लोकांना काय दाखवणार, कपाळ?

आत्या जागी झाल्यावर मी विचारलं, "अगं, बाकीची गाणी कुठं आहेत?"

"कुठं म्हंजे? गळ्यात." ती जांभई देत म्हणाली. "बा एकच ओळ लिहे. पुढचं आम्हाले पाठ होतं. कागद कायले खराब करा?"

"मग पहिलं गाणं?"

"तवा वही नवी होती. हौस होती त्याले."

एरवी मी हसले असते. पण पाच मिनिटांनी तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "भुसावळ आलं का व?" भुसावळ सुटून चार तास झाले होते आणि ती तिसऱ्यांदा विचारत होती. गेल्या वर्षभरात ती गॅसवर दूध विसरलीय, तिनं मला दोनदा माझ्या आईच्या नावानं हाक मारलीय. म्हातारपण आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आता मात्र बाकीची सत्तेचाळीस गाणी जगात फक्त तिच्या डोक्यात होती, आणि त्या डोक्यातून भुसावळ चार तासांत पुसलं गेलं होतं. मी पुढचा प्रवास डोळे टक्क उघडे ठेवून केला.

दिल्लीला उतरलो तेव्हा हवा धुरकट होती, घसा खवखवत होता. मी आत्याचा पदर मुठीत घट्ट धरला. "शेळी हाये का मी?" ती ओरडली, पण मी सोडला नाही. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "अम्मा, पहली बार आई हो?"

"हाव," आत्या म्हणाली. "और तुम?"

तो खळखळून हसला. "हम भी बाहर के ही हैं, अम्मा." मग दोघांचं कुणाच्या गावाला कापूस बरा येतो यावर जमलं. आत्याची हिंदी त्याला सहज कळत होती. मी मागं देवाला, बुद्धाला, सगळ्यांना आळवत होते. उतरण्याच्या घाईत माझे चारही कागद रिक्षात राहिले. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर ते लक्षात आलं. आखणी गेली ती गेलीच.

संग्रहालय पाहायचं तर आठवडा हवा. दगडी मूर्ती, नाणी, खापराची खेळणी, सगळं भराभर मागं पडलं, कारण आत्याला एकच पाहायचं होतं: बुद्धाच्या अस्थी. त्या दालनात गेलो आणि ती हात जोडून थबकली. ओठ हलू लागले. ती वंदना म्हणत होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते, अडखळेल का, एखादा शब्द सुटेल का. नाही. शेवटपर्यंत नीट म्हणाली, डोळे पुसले. मला इतकं हायसं वाटलं की बाहेरच्या हिरवळीवर मी डबा उघडला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. पोळी, मिरचीचा ठेचा आणि वर कांदा. आत्याही छान जेवली. हात धुताना म्हणाली, "सुनंदे, आपण इथं कायले आलो व?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेत पंधरा-वीस माणसं जमली होती. वह्यांचं काम पाहणाऱ्या बाई नागपूरच्या निघाल्या, त्यामुळे बोलणं सोपं झालं. वहीत ओळीच आहेत हे मी त्यांना कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तर गाणं ऐकायलाच हवं." माईक लागला. आत्यानं वही उघडली, पहिल्या पानाला नमस्कार केला आणि गायला लागली. आवाज थकलेला, पण सूर पक्का. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. चौथ्या पानावर तिनं ओळीवर बोट ठेवलं.

"हे गेलं," आत्या म्हणाली आणि पान उलटलं.

पाचवं गायली. सहाव्यावर बोट ठेवलं. "हे बी गेलं." ना लाज, ना घाबरणं. दुकानदारानं संपलेला माल सांगावा तसं ती सांगत होती. बाई डोळे पुसत लिहीत होत्या. शेवटच्या पानापर्यंत एकोणीस गाणी निघाली. बाकीच्यांच्या नुसत्या पहिल्या ओळी.

चहाच्या वेळी मी तिला व्हरांड्यात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हाव. तीन सालापासून एक एक जाऊन राह्यलं. रोज पहाटे वही घेऊन बसतो, कोणतं हाये, कोणतं गेलं ते पाहतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिनं कप खाली ठेवला. "तुले किती डाव म्हटलं, माह्यामागं झील धर. तू म्हणे, लोक हासतात."

खरं होतं. मी तेरा वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात आत्यानं शिकवलेलं गाणं म्हटलं होतं. त्यातल्या 'मले-तुले'वर बाहेरून आलेले पाहुणे हसले. वर्गही हसला. त्यानंतर मी आयुष्यात चारचौघांत तोंड उघडलं नाही, आणि आत्यानं बोलावलं की मला नेमका अभ्यास असायचा, मग नोकरी, मग मुलं. मुलखाची घाबरट मी. रात्रभर रेल्वेत तिच्या विसरण्याला भीत बसले होते, आणि गाणी जाण्यात माझा केवढा मोठा हात होता!

"मला भीती वाटायची गं," मी म्हणाले. मला रडू आलं.

"मले बी वाटते," आत्या म्हणाली. "रोज वाटते." आणि तिनं उरलेला चहा पिऊन टाकला.

वही तिनं संस्थेला दिली. मला वाटलं होतं, हात अडेल. तसं काही झालं नाही. फडकं मात्र घडी करून परत घेतलं.

परतीला मलकापूरहून मोताळ्याची एसटी गच्च भरली होती. बाजाराच्या पिशव्या, कोंबड्या, खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. आत्या मध्येच गुणगुणली, "पाटी घे व लेकी, शाळेची वाट धर," आणि थांबून माझ्याकडं बघत राहिली. विसरली नव्हती, वाट बघत होती. समोरची बाई वळून बघायला लागली. मी ओळ उचलली. आवाज फाटला, कुणीतरी मागं खुदकन हसलं. आत्या म्हणाली, "हासू दे. अजून एक डाव."

दिल्लीत काय पाहिलं, असं लोक विचारतात. मी मूर्तींचं सांगते, धुराचं सांगते, रिक्षावाल्याचं सांगते. भीती काही गेलेली नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी आत्याकडं जाते. ती म्हणते, मी मागून धरते, आणि दार उघडताना रोज वाटतं, आज कोणतं गेलं असेल. परवा ती पाटीच्या गाण्यावर आली, तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. पहिली ओळसुद्धा नाही. मग मी पुढं होऊन ती ओळ म्हटली. आणि आत्यानं, मान डोलावत, मागून झील धरली.