आईच्या दुखण्यांची यादी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आजारपणाचाही विमा असतो, हे नेरूळच्या आमच्या सोसायटीत कुणाच्या गावीही नव्हतं. मला ते तळोज्याच्या ऑफिसात कळलं आणि मी लगेच शहाणपणा केला. आईसाठी एजंटला घरीच बोलावलं.

मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात त्याने विचारलं, "मावशी, काही आजार?"

गावी दुष्काळात मदतीचे फॉर्म भरताना जो जास्त रडला त्याला जास्त मिळालं, हे आईने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती सावरून बसली. "लिहा. गुडघे. पित्त. उजवा खांदा. छातीत धडधड. डावा कान, पण अधूनमधून." मी चहा घेऊन आले तेव्हा एजंट फॉर्मला पुरवणी जोडत होता.

"मावशी, आधीपासूनच्या आजारांचे पैसे मिळत नाहीत हं," तो चाचरत म्हणाला.

"मग आधी नाही का सांगायचं? खोडा सगळं!"

मी कपाळावर हात मारला. एजंटने काही खोडलं नाही; पॉलिसी आली ती यादी जोडूनच. आई ती शेजारणींना कौतुकाने दाखवायची, "बघा, यातलं मला काहीच मिळत नाही."

दिवाळीत तोरण बांधताना ती स्टुलावरून पडली. डावं मनगट मोडलं, ऑपरेशन झालं. खर्च परत मिळाला नाही तर माझा घराचा हप्ता चुकणार होता. चौकशीला विम्याचे साहेब आले. समोर फॉर्म दिसला की आईला राहवत नसे. "हा हात ना साहेब, जन्मापासून…" मी तिचा पाय दाबला. "…चांगलाच होता."

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं आणि हसले. "मावशी, एवढंच हाड सांगायचं राहिलं होतं तुमचं."

पैसे मिळाले. कागद आवरताना मी यादीची नक्कल पहिल्यांदाच नीट वाचली. धडधडीपुढे लिहिलं होतं, 'चार वर्षं, जिना चढताना.' आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो.

"आई, हेही फुगवून सांगितलंस ना?"

"नाही गं. तेवढं खरं आहे."

"मग मला का नाही बोललीस?"

"त्या एजंटने विचारलं होतं."

मला फार लाज वाटली. सकाळी रजा टाकून तिला डॉक्टरकडे नेलं. जिना उतरताना दर पायरीला विचारत होते, धडधडतंय का, दुखतंय का. शेवटी वैतागून ती म्हणाली, "आता तूही फॉर्म आणतेस का?"