मायक्रोवेव्हमधल्या बशा

१. माझी मामेबहीण सानिका अकरावीत आहे. आरोग्य संशोधन करणाऱ्या मुलांसाठीच्या एका शिष्यवृत्तीकरता तिचा प्रकल्प चालू आहे.
२. मामाला तपासणीला नेतात त्या हॉस्पिटलमधल्या नळांवरून तिने कापसाच्या काडीने नमुने घेतले.
३. जंतू वाढायला ऊब हवी, म्हणून ते नमुने लावलेल्या जेलीच्या बशा घरच्या बंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या. मामी तिथेच दही लावते.
४. मामाची किडनी बदललेली आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज चालू असतात. आज सकाळी त्याने ते दही खाल्लं.

मी सहसा घरचं इथे लिहीत नाही. महापेच्या लॅबमध्ये मी जंतू वाढवून तपासायचंच काम करते, म्हणून सानिकाने मला ऐरोलीला त्यांच्या घरी बोलावलं होतं.

"ताई, बघ ना, कसले मस्त वाढलेत." एका बशीचं झाकण सरकलेलं होतं.

मामी म्हणाली, "दह्यावर ताटली होती गं. उगाच टेन्शन नको देऊस."

मामा म्हणाला, "पोरीला ओरडू नका. दही चांगलं होतं."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ताप आला तर लगेच घेऊन या. अजून आलेला नाही. मी इथेच थांबलेय. दर तासाला थर्मामीटर लावते.

सानिका रडून म्हणते, अर्जच करत नाही. तिचा प्रश्न योग्य होता, जागा चुकली. कॉलेजच्या लॅबने नकार दिला होता आणि मला विचारायला ती लाजली.

आमच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांना घेत नाहीत; अकरावीच्या मुलीला देखरेखीखाली काम करू देणारी लॅब कुणाच्या ओळखीत आहे का? शुक्रवारपर्यंत कळवा, नकार असला तरी.