मळी बाजूला

सांगलीच्या गूळ बाजारातल्या टपरीवर मला रोज एक गृहस्थ भेटत. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट. गुळाचाच चहा भुरकत ते गुळाला नावं ठेवायचे.

"गूळ म्हंजे नुसतं बाष्पीभवन. पाणी उडतं, मळ आतच ऱ्हातो. साखर म्हंजे स्फटिकीकरण. शुद्ध खडा घ्यायचा, मळी बाजूला!"

याच शास्त्रानं त्यांनी आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरात लग्न केलेल्या लेकीलाही बाजूला काढलं होतं. हेही ते मिशीला पीळ देत सांगायचे.

एकदा समोरून स्कूटरवर एक बाई गेली. यांचा हात झटकन वर झाला. तिनं पाहिलंच नाही.

"आवं, लेक तुमची! हाक मारा की," चहावाला म्हणाला.

"कुठली लेक? माशी हाकलत हुतो."

हात मात्र अजून वरच होता.