बाईंच्या उजव्या बाजूला

माझ्या मावशीला घोडे आवडतात हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला घोड्याजवळ जाता येत नाही हेही. त्यामुळे त्या विषयावर कोणी फारसं बोलायचं नाही. ती घरी आली असताना टीव्हीवर घोडा दिसला की आई पटकन चॅनेल बदलायची. मावशी म्हणायची, "अगं ताई, राहू दे ना," आणि रिमोट मागून घ्यायची.

मावशी आईची धाकटी बहीण. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला. यंत्रातून निघालेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची, झटकायची, मग इस्त्रीकडे सरकवायची. दिवसभर हेच. त्या झटकण्याची तिच्या हातांना इतकी सवय झाली होती की घरी साधा टॉवेल वाळत घालतानाही असा आवाज यायचा की शेजारची मांजर कठड्यावरून उडी मारायची.

लहानपणी या बहिणी राहायच्या त्या गल्लीमागे सोडावॉटरचा कारखाना होता. बाटल्यांच्या गाड्या घोडे ओढायचे. मावशी शाळेतून सुटली की दप्तरासकट पागेत. आई सांगते, "हिला जेवायला बोलवायचं तर आधी घोड्यांच्या पायांत शोधायचं." पुढे कारखान्याने टेंपो घेतले आणि एका सकाळी पागा रिकामी झाली. मोठेपणी आपण घोड्यांचंच काहीतरी काम करणार, असं मावशीने तोवर ठरवून टाकलं होतं. काय काम, ते तिला माहीत नव्हतं, आणि सांगणारं कोणी नव्हतं. मग नोकरी लागली, लग्न झालं.

काका चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायचे. शांत माणूस, पण बोलला की हसवणार. बायकोला घोडे आवडतात हे कळल्यावर हौसेने तिला शहराबाहेरच्या घोडेस्वारीच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे एका घोड्याच्या मानेला गाल लावून मावशी किती वेळ उभी होती कोण जाणे. मागे वळली तर काका जमिनीवर बसलेले, डोळे सुजून बंद झालेले, छाती भात्यासारखी वाजतेय. मिळेल त्या गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं.

"घोड्याच्या केसांची ॲलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कपड्यांवरून केस घरात आले तरी त्रास होईल. पुढच्या वेळी निभावेलच असं सांगता येत नाही."

"पुढची वेळ नाही," मावशी म्हणाली.

गोष्ट तिथेच संपली असती तर सोपं होतं. पण काकांना ते लागून राहिलं. म्हणायचे, "जगात इतके प्राणी. मांजर चाललं असतं, पोपट चालला असता. हिला नेमका घोडा."

"जगात इतके पुरुष," मावशी म्हणायची, "मला नेमके तुम्ही."

मग काकांनी त्यातून एक वाट काढली. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून ते तिला त्या मैदानाकडे न्यायचे, पण रस्त्याच्या पलीकडे थांबायचे. आधी बोट ओलं करून वारा कुठून येतोय ते बघायचे. वारा मैदानाकडून येत असेल तर वळसा घालून दुसऱ्या बाजूला. नाकावर रुमाल बांधून ते स्कूटरवर पेपर वाचत बसायचे आणि मावशी कुंपणापलीकडे बघत राहायची. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. मला वाटलं होतं आपण घोड्यावर बसणार. "नाही गं," काका रुमालाआडून म्हणाले, "आपण फक्त वाऱ्याची बाजू सांभाळणार." मावशी कुंपणापलीकडे बघत होती. तिचे हात मात्र, कोणाच्या तरी मानेवरून फिरत असावेत तसे, आपोआप हलत होते.

काका गेले ते हृदयविकाराने. दुकानात, काच हातात असतानाच. घोड्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा आमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता मावशी म्हणाली, "ताई, मी घोड्यांकडे जाणार आहे."

"बघायला?"

"कामाला."

आईने विळी बाजूला सरकवली. "वय काय तुझं?"

"ते माझं मला माहीत आहे."

आईला चिंता वाटली म्हणून तिने मला मावशीसोबत धाडलं. आधी गेलो त्या स्वारीच्या मैदानावर. टेबलामागच्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हिला शिकवायचंय?"

"नाही, मी आले आहे," मावशी म्हणाली.

"आजी-आजोबांसाठी आमच्याकडे बॅच नाही हो."

"बसायचं नाहीये मला. काही काम असतं का? झाडलोट, खाणंपिणं, काहीही."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी सांगितलं की कामाची माणसं कंत्राटदार पुरवतो. रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात तर फाटकावरच्या रखवालदाराने आम्हाला आत सोडलं नाही. "तुमचा माणूस आत कामाला आहे का?" त्याने विचारलं. मावशी म्हणाली, "आत माझं कोणीच नाही, म्हणून तर आले." जनावरांच्या दवाखान्यात सांगितलं की त्यासाठीचं शिक्षण लागतं. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "मावशी, मांजर पाळू या." ती हसली, पण वळली नाही.

वाट सापडली ती धुलाईखात्यातच. तिथे हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपीच्या मॅडमचे कोट यायचे, आणि त्यांच्या कोटांवर कायम आखूड, ताठ केस चिकटलेले असायचे. बाकीच्या बायका कुत्र्याचे म्हणायच्या. मावशीने एक केस बोटांत धरला आणि कोट हातात घेऊन थेट मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, हे घोड्याचे आहेत ना?"

मॅडमना वाटलं तक्रार आलीय. त्या माफी मागायला लागल्या. मग कळलं की ज्या मुलांच्या हातापायांत बळ नाही, त्यांना घोड्यावर बसवून व्यायाम देण्याचं एक छोटं केंद्र त्या चालवतात. शनिवार-रविवार. स्वयंसेवक मिळत नाहीत, आलेले टिकत नाहीत.

"पगार नाही हं," मॅडम म्हणाल्या.

"लीद उचलायची असते ना?"

"ती भरपूर आहे."

"मग झालं," मावशी म्हणाली.

केंद्रात घोडे मोजकेच होते. त्यातली सगळ्यांत थोरली एक पांढरट घोडी. तिचं कागदावरचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण तिची निगा राखणारा मोतद्दार तिला 'बाई' म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. "बाईंचा मूड नाही आज." "बाईंनी बादली लाथाडली." मॅडमच्या ओळखीच्या एक प्राचार्य पहिल्यांदा आल्या तेव्हा या बोलण्याने फार गोंधळल्या होत्या.

मावशीला आधी लीद आणि गवत मिळालं, मग खरारा. ब्रशने बाईंचं अंग घासून काढताना तिला काय वाटलं ते तिने मला कधी सांगितलं नाही. मोतद्दाराने मात्र सांगितलं. "तुमची मावशी पहिल्या दिवशी एकाच खांद्यापाशी अडकली. पुढे सरकेचना. मी म्हटलं, मावशी, घोडा अजून बराच शिल्लक आहे."

बाईंना मात्र मावशीचं काही विशेष वाटलं नाही. तिच्या हातचं गाजर खायच्या आणि तोंड फिरवायच्या. मावशीला वाटायचं, रोज नाही तरी दर आठवड्याला येते, आवाज ऐकून एकदा कान तरी टवकारतील. महिने गेले. कान जागचे हलले नाहीत.

"त्यांना मी आवडत नाही," ती मोतद्दाराला म्हणाली.

"बाईंना कोणीच आवडत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे बघा. मी त्यांना घास भरवतो, तरी माझी चप्पल खाल्ली."

मॅडमनी मग तिला चालायला लावलं. एक जण घोड्याचा दोर धरून पुढे चालतो आणि दोन्ही बाजूंनी दोघं, मुलाच्या मांडीवर हात ठेवून. मूल कलंडलं तर सावरायचं. मावशी बाईंच्या उजव्या बाजूला. बाईंच्या पाठीवर बहुतेक वेळा एक चिमुरडी असायची, जिची मान नीट उभी राहायची नाही आणि जिला प्रत्येक फेरीनंतर आणखी एक फेरी हवी असायची. धुलाईच्या कामाने मावशीच्या हातात चिवटपणा होताच. तिचा हात कधी थकला नाही.

एका दुपारी वारा सुटला आणि छपरावरची ताडपत्री एका टोकाला सुटून फाडफाड वाजली. बाई बिचकून बाजूला सरकल्या, त्या नेमक्या उजवीकडे. दोर धरणाऱ्याने त्यांना आवरलं, पण तोवर त्यांचा खूर मावशीच्या पायावर पडला होता. मावशीने मुलीला कमरेभोवती घट्ट धरून ठेवलं होतं. तोंडातून आवाज काढला नाही, कारण आवाजाने बाई आणखी बिचकल्या असत्या. मुलगी खदाखदा हसत ओरडली, "पुन्हा!"

अंगठ्याचं हाड मोडलं होतं. पायाला प्लॅस्टर घालून मावशी आमच्याकडे येऊन राहिली.

"झाली हौस?" आई म्हणाली.

"बाईंनी लगेच पाय उचलला गं ताई. त्यांच्या लक्षात आलं."

"त्या घोडीला अहोजाहो करू नकोस माझ्यासमोर!"

प्लॅस्टर निघेपर्यंत मावशी गप्प होत गेली. शनिवार आला की सकाळपासून अस्वस्थ. एकदा आई बाजारात गेली असताना ती खिडकीशी बसून रडत होती. मी विचारलं, "बाईंची आठवण येते?"

तिने मान हलवली, पण ते हो होतं की नाही ते कळलं नाही. मग म्हणाली, "केंद्रातून घरी गेले ना, की मी अजून बाहेरच्या न्हाणीत कपडे उतरवते. केस धुते. खसाखसा. मग घरात जाते. दर वेळी. कोणासाठी गं? घरात श्वास कोंडायला कोणी उरलंय का?"

मी तिच्याजवळ बसले.

"हे गेले त्या दिवशी त्यांना न्यायची तयारी चालली होती," ती म्हणाली, "इतकी माणसं घरात, आणि माझ्या मनात आलं, आता घोड्यांकडे जाता येईल. एवढंच आलं आणि गेलं. मी बोलावलं नव्हतं. पण आता घोड्याजवळ उभी राहिले की ते आठवतं. आणि मग वाटतं, यांना बोलवावं. सांगावं, बघा, ही बाई कशी आहे, तोंड फिरवते माझ्याकडून. ते असे हसले असते. पण ते असते तर मी तिथे नसते."

मी तिचे केस विंचरून दिले. तेवढ्यात आई आली आणि दोघींकडे आळीपाळीने बघून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात मावशीच्या आवडीचं सगळं होतं, आणि कारण कोणी विचारलं नाही.

पाय बरा झाल्यावर ती परत जाऊ लागली. किंचित लंगडत, पण उजवीकडेच. आई आता जाताना डबा द्यायला लागली, त्यात वेगळी बांधलेली गाजरं असायची. "बाजारात स्वस्त होती," एवढंच म्हणायची.

मग बाई थकल्या. फेरी मारताना अडखळायला लागल्या. पाठीवर मूल असताना अडखळणारा घोडा ठेवता येत नाही, हे मॅडमनी मावशीला स्वतः बसवून समजावलं. दूर, एस्टीच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, म्हाताऱ्या घोड्यांना मोकळं सोडणारं एक कुरण होतं. बाईंना तिथे पाठवायचं ठरलं. निघायच्या दिवशी मावशीने त्यांचा सावकाश खरारा केला, गाडीत चढवताना दोर मोतद्दाराने धरला आणि फळी वर झाली. गाडी गेल्यावर मोतद्दार रिकामा दोर गुंडाळत म्हणाला, "चला, आता माझ्या चपला वाचल्या." मग तो आत निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पहिल्या सुट्टीला मावशीने मला घेऊन कुरण गाठलं. उतरल्यावर बरंच चालावं लागलं. लांबच लांब गवत, मधे एक डबकं आणि अगदी पलीकडच्या टोकाला, झाडांच्या रांगेपाशी, एक पांढरट ठिपका. मावशी कुंपणाशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "हाक मार ना."

"नको. चरू दे."

ठिपक्याने एकदा मान वर केली. आमच्याकडे बघितलं असेल, किंवा झाडावरच्या पक्ष्याकडे. मग मान खाली गेली.

"ओळखलं का गं?" मी विचारलं.

"छे," मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका मऊ झाला होता की मी दुसरीकडे बघायला लागले.

ऊन कलल्यावर कुरणाची देखभाल करणारा माणूस फाटक लावायला आला. मावशी त्याच्याकडे वळली. "अहो दादा, इथे काही काम असतं का?"

त्याने तिच्या लंगडत्या पायाकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. "रंग द्यायचाय या सगळ्याला. पण पैसे मिळायचे नाहीत, आणि कुंपण फार लांब आहे."

"असू दे लांब," मावशी म्हणाली.

आता शनिवारी ती केंद्रात असते, एका नव्या तांबड्या घोड्याच्या उजवीकडे. हा मनमिळाऊ आहे, सगळ्यांची बटणं चावतो. आणि महिन्यातला एक रविवार ती कुरणात रंगाचा डबा घेऊन बसलेली असते. बाई अजून लांबच चरतात. कधी डबक्यापर्यंत येतात, पाणी पितात, परत जातात. मावशी ब्रश अगदी सावकाश चालवते, एक फळी संपली की थांबते, डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघते, आणि मग पुढची फळी घेते.